पहिल्यांदाच कोयता घेऊन सांगली-साताऱ्याकडं येताय? आधी एक वही घ्या

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, अहिल्यानगर, परभणीकडच्या ऊसतोड मजुरांच्या गाड्या कृष्णाकाठाला यायला लागतात. वाळवा, पलूस, कडेगाव, कराड, कोरेगाव या पट्ट्यात चार दिवसांत मोकळ्या रानांत खोप्या उभ्या राहतात. सगळेच लांबून येतात असं नाही. जत, आटपाडी, माण, खटावमधलीही कुटुंबं कोयता घेऊन निघतात. जिल्हा तोच, पण एका तालुक्यात उसाला पाटाचं पाणी आणि दुसऱ्यात प्यायला टँकर.

या कामात नव्यानं पडणाऱ्या जोडप्यांसाठी हे लिहितोय. जुन्या लोकांना यातलं बरंच ठाऊक असतं, पण ते सांगतात तुकड्यातुकड्यानं, आणि बहुतेकदा वेळ निघून गेल्यावर. घरात ज्याला फोनवर वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावं. फडात, म्हणजे तोडीच्या रानात, पोचल्यावर हे हाती लागलं असेल तरी पहिला भाग सोडू नका, पट्टा पडताना, म्हणजे हंगाम संपताना, त्याचंच काम पडतं.

उचल घेण्याआधी

मुकादम, म्हणजे तोडणीची टोळी जमवणारा माणूस, घरी येतो, चहा होतो आणि विचारतो, "किती देऊ?" जास्त उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देणारा मुकादम चांगला, अशी गावाकडं समजूत आहे. उत्तर देण्याआधी वहीत मांडून बघा.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ (सहकारी साखर कारखान्यांची संघटना) आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला. तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण ३६६ रुपये झाला. हा डोकी सेंटरचा, म्हणजे तोडून, मोळ्या बांधून ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भरून देण्याचा हिशेब. बैलगाडीवाल्यांना वाहतुकीचे वेगळे मिळतात. करार ठरावीक हंगामांपुरता असतो, त्यामुळं नवा झालाय का आणि दर किती, हे निघताना विचाराच.

आता एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला सरासरी दोन टन तोडतात असं धरू. नवख्यांना सुरुवातीला तेवढं जमत नाही, पण धरू. दिवसाचे झाले ७३२ रुपये, दोघांचे मिळून. लाखाची उचल घेतली तर ती फिटायला १३७ दिवस लागतात, एकही खाडा न करता. हंगाम १२० दिवस चालला तर काम होईल ८७,८४० रुपयांचं. म्हणजे १२,१६० रुपये अंगावर राहिले. त्यात दर आठवड्याच्या बाजाराला मुकादमाकडून खर्ची घेणार. आठवड्याला १,२०० धरले तरी १७ आठवड्यांचे २०,४०० होतात. म्हणजे घरी जाताना साडेबत्तीस हजारांच्या वर बाकी. ही बाकी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं येण्याची हमी असते, आणि मुकादमाला हे तुमच्याआधी ठाऊक असतं.

तेच गणित पन्नास हजारांच्या उचलीवर मांडा. खर्ची धरूनसुद्धा सतरा हजारांच्या वर हातात येतात. लग्न, दवाखाना, बोअर असलं काही अडलं असेल तर माणूस काय करणार, जास्त घ्यावीच लागते. पण नुसती मिळतेय म्हणून घेऊ नका.

पैसे घेताना तीन गोष्टी पाळा. शक्य तितकी रक्कम बँक खात्यावर घ्या. रोख घेतली तर त्याच दिवशी वहीत तारीख, रक्कम आणि समोर कोण होतं ते लिहा. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही-अंगठा देऊ नका. टाळता आलंच नाही तर स्टॅम्पवर रक्कम लिहून घ्या, मग अंगठा द्या, आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

मुकादमाचं कमिशन कारखाना वेगळं देतो. ते तुमच्या मजुरीतून कापायचं नसतं. ही ओळ दोनदा वाचा, कारण पहिल्या वर्षी हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

आणखी एक. कोयता दोघांचा असतो, हिशेब मात्र नवऱ्याच्या नावावर. बायकोच्या खात्यावर काही रक्कम घ्यायची मागणी उचल ठरवतानाच करा. पुढं कुणी ऐकत नाही.

कोण कुणाचं देणं लागतो

कारखाना करार करतो तो वाहतूकदाराशी, म्हणजे ट्रक-ट्रॅक्टर मालकाशी. वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम तुम्हाला. कारखान्याच्या दप्तरी तुमचं नाव नसतं. असते ती गाडी आणि तिचा नंबर.

आमच्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांचंही दुखणं आहे. कर्ज काढून मुकादमाला लाखो रुपये द्यायचे आणि टोळीच यायची नाही, असं दर हंगामात कुणाचं ना कुणाचं होतं. पोलीस ठाण्यात तशा तक्रारी पडलेल्या असतात. एकदा पोळलेला मालक आलेल्या टोळीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो, आणि मुकादम गायब झाला तर राग टोळीवर काढतो. मुकादमाने उचललेले पैसे तुमच्या अंगावर लावले जातात ते इथंच. तुम्ही किती घेतले याचा कागद तुमच्याकडं असेल तर निदान बोलता येतं. म्हणून गावी असतानाच मुकादमाला विचारा: वाहतूकदार कोण, त्याचं गाव कुठलं, कारखाना कुठला, गट कुठला. टाळाटाळ करत असेल तर दुसरा मुकादम बघा.

पिशवीत काय हवं

आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि पोरांच्या शाळेचा कागद. गरोदर बाई किंवा लहान बाळ असेल तर अंगणवाडी-आशाताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये आणि गावी राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनमध्येही ठेवा, कारण खोप्या पेटतात आणि भिजतातही.

ई-श्रम कार्ड नसेल तर सीएससी केंद्रात काढून घ्या, १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना ते मिळतं. बँकेत गेलातच तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू करा. वर्षाला २० रुपये कापतात आणि अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख मिळतात. रात्री उसाच्या गाडीवर बसून जाणाऱ्या माणसानं तो काढायलाच हवा. ज्या खात्यातून पैसे कापायचे त्यात मे अखेरीला शिल्लक ठेवायला विसरू नका, नाहीतर विमा बंद पडतो.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून मिळतं. साखर कारखान्यांकडून टनामागं १० रुपये आणि सरकारकडून तेवढीच भर, असा या महामंडळाचा निधी ठरलेला आहे. तुम्ही तोडलेल्या टनामागचेच हे पैसे आहेत, त्यामुळं ओळखपत्र मागायला संकोच नको. नव्यांना लगेच मिळेलच असं नाही, तरी नावाची नोंद करून ठेवा.

पोरांचं काय करायचं

आजी-आजोबा धडधाकट असतील आणि गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल, तर पोरांना गावीच ठेवणं चांगलं. जेवणाची सोय होते, शाळा तुटत नाही. दिवाळीआधीच मुख्याध्यापकांना भेटून नावं द्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहंही काही तालुक्यांत चालतात, त्यांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात होते. मोठ्या मुलीला एकटं ठेवायची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. तिच्यासाठी तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आहे का ते बघा. कोयता जोडीनं मोजतात म्हणून पोरींची लग्नं पंधरा-सोळाला उरकली जातात. ते थांबवायचं असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करता येतो, आणि करणाऱ्याचं नाव सांगायची सक्ती नसते.

पोरं बरोबर आणलीच, तर आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत न्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की वयाचा दाखला नाही म्हणून ६ ते १४ वयाच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही, आणि दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवताही येत नाही. निघताना गावच्या शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेतलं असेल तर काम अजून सोपं. आमच्याकडचे बरेच गुरुजी स्वतः खोप्यांवर येऊन पोरं गोळा करतात. काही ठिकाणी "चार महिन्यांसाठी कशाला?" असं ऐकावं लागतं. तेव्हा वाद न घालता म्हणायचं, "गुरुजी, प्रवेश देत नाही एवढं लिहून द्या." सहसा लिहून देण्यापेक्षा प्रवेश देणंच सोपं पडतं. शाळेत पोर गेलं की दुपारचं जेवणही मिळतं, आणि धाकट्याला सांभाळायला थोरली फडात बसत नाही. त्यासाठी धाकट्याला अंगणवाडीत टाकायचं. तिथं दुसऱ्या गावच्या बाळालाही आहार देतात, गावाकडच्या अंगणवाडीचं नाव मात्र सांगा.

पहिला आठवडा

खोप टाकली की गावाचं नाव, शेतमालकाचं नाव आणि फोनवरचं लोकेशन गावी पाठवून द्या. फड बदलला की पुन्हा पाठवा. "कारखान्याच्या बाजूला आहोत" एवढ्यावर रात्री रुग्णवाहिका येत नाही.

मग चार माणसांना तोंड दाखवा: आशाताई, अंगणवाडीताई, रेशन दुकानदार आणि सरपंच किंवा ग्रामसेवक. पाणी, दिवा आणि बायकांना आडोसा या तीन मागण्या ग्रामपंचायतीकडं टोळीनं मिळून लेखी द्या. एक अर्ज, खाली सगळ्या कोयत्यांच्या सह्या-अंगठे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच. पोच हा शब्द पाठ करा. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही, पोच असलेला अर्ज ग्रामसेवकाला पुढच्या सभेत काढावा लागतो.

रेशन आता कुठल्याही गावात घेता येतं, त्याच कार्डावर. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो, आणि धान्याचे पैसे द्यायचे नाहीत. थोडं इथं उचलून उरलेलं गावी म्हातारा-म्हातारीला उचलू देता येतं, फक्त घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी झालेली हवी. अडचण येते अंगठ्याची. कोयता धरून आणि पाचट ओढून बोटं घासून जातात, मशीन ओळखत नाही. दुसरं बोट लावा, घरातल्या दुसऱ्या माणसाला न्या, नाहीतर डोळ्याचं स्कॅन किंवा मोबाईलवर ओटीपी मागा. म्हणूनच आधारला चालू मोबाईल नंबर जोडून आणायचा. दुकानदार "तुमचं कार्ड इथं चालत नाही" म्हणाला तर १४४४५ या रेशन हेल्पलाइनवर फोन लावा, त्याच्यासमोरच.

इथल्या शेतकऱ्यांशी कटकट होते ती बहुतेकदा 'खुशाली'वरून. एकरामागं पैसे दिल्याशिवाय टोळी फडात शिरत नाही, अशी शेतकऱ्याची तक्रार असते. खरं तर त्यातले बरेच पैसे ड्रायव्हर आणि मुकादमाकडं जातात आणि शिव्या टोळीला पडतात. नवख्यांनी या भानगडीत पडू नये असं माझं मत. ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचं, ज्याच्या बांधावर पोर झोपवायचं, त्याच्याशी बोलणं चालू राहिलेलं बरं. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकून येणारे पैसे मात्र कष्टाचे आहेत. गोठेवाले सकाळीच येतात, ते रोखीचे पैसे बायकांनी आपल्या हातात ठेवावेत आणि खर्चीची गरज तेवढी कमी करावी.

वहीचं पान

आता मूळ मुद्दा. वहीत रोज एक ओळ लिहायची. डावीकडून तारीख, गाव आणि शेतकऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, किती कोयते होते, वजनकाट्यावरची पावती किती टनाची आली, आपल्या कोयत्याला किती टन पडले. शेवटी उरतात दोन रकाने: खर्ची आणि खाडा.

दहा कोयत्यांनी एक ट्रक भरला आणि काट्यावर २० टन भरलं तर कोयत्याला दोन टन. एवढंच गणित, पण काट्यावरची पावती बघितल्याशिवाय ते करता येत नाही, आणि पावती ड्रायव्हरच्या खिशात असते. ड्रायव्हर परत आला की पावतीचा फोटो घ्यायचा. टोळीतल्या एकानं हे काम अंगावर घ्यावं आणि फोटो ग्रुपवर टाकावा. दोन-चार दिवस ड्रायव्हर कुरकुरतो, नंतर स्वतःच फोन पुढं करतो. पावती नाहीच मिळाली तर गाडी नंबर आणि तारीख लिहून ठेवा. त्यावरून कारखान्याच्या गट ऑफिसात वजन काढता येतं.

खाडा म्हणजे न भरलेला दिवस. आजारी पडलात, बाळंत झालात, मयतीला गेलात, तरी काही मुकादम दिवसाला पाचशे ते हजार लावतात, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. उचल ठरवतानाच बोला की दवाखान्याचा खाडा लावायचा नाही. दवाखान्यात गेलात तर केसपेपर वहीत जपून ठेवा. कारखान्यानं गाडी पाठवली नाही, पाऊस पडला, मिल बंद पडली, तर तो खाडा तुमचा नव्हे. त्या दिवसापुढं 'गाडी नाही' असं लिहा.

पंधरा दिवसांनी मुकादमासमोर बसून दोन्ही वह्या ताडायच्या आणि पानाखाली त्याची सही घ्यायची. तो चिडला तर "दादा, आमचंच गणित कच्चं आहे, जुळतंय का बघतो" असं म्हणा. भांडण काढायची वेळ ही नाही. मुकादमही बहुधा तुमच्याच गावाकडचा, कधी भावकीतला असतो, त्याच्या डोक्यावरही वाहतूकदार बसलेला असतो.

दवाखाना, साप, बिबट्या

सर्पदंश झाला तर पट्टी करकचून आवळू नका, जखम कापू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. १०८ लावा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत मेडिकल कॉलेजचं. पहाटे तोड सुरू करताना आधी पाचटात काठी मारत चला. रात्रीच्या भरणीला गाडीच्या मागं रिफ्लेक्टर आणि दिवा आहे का ते बघितल्याशिवाय पोरांना गाडीजवळ जाऊ देऊ नका.

कराड, पाटण, शिराळा भागात बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते. बांधावर साडीच्या झोळीत बाळ टाकून फडाच्या आत जायचं, हे इथं चालणार नाही. एक माणूस बाळापाशी राहिलाच पाहिजे. पिल्लं दिसली तर हात न लावता तोड थांबवा आणि १९२६ ला वन खात्याला कळवा. आई आसपासच असते.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, पाळीचा त्रास होतो म्हणून गेलेल्या बाईला "पिशवी काढून टाका" सांगणारे खासगी दवाखाने आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीचा खाडा नको म्हणून पिशवी काढलेल्या कित्येक बायका तिशीतच कंबरदुखीनं आणि हाडांच्या दुखण्यानं बेजार आहेत. कुणीही ऑपरेशन सांगितलं तर आधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पुष्कळ वेळा गोळ्यांवर भागतं. मोठा आजार निघालाच तर महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात, आधार आणि रेशनकार्ड जवळ हवं.

मुकादम, ड्रायव्हर किंवा मालकानं अंगचटीला जाण्याचा प्रकार केला तर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस). जिल्हाधिकारी कार्यालयात, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली, स्थानिक समिती असते, असंघटित कामगार बाईची तक्रार तिच्याकडं करता येते. महिला किसान अधिकार मंच, ज्याला लोक मकाम म्हणतात, ऊसतोड बायकांसाठी काम करतो. त्यांच्या कार्यकर्त्या ओळखीच्या झाल्या तर नंबर घेऊन ठेवा.

अडवून ठेवलं तर

उचल फिटली नाही म्हणून जाऊ देत नाहीत, बायका-पोरांना ठेवून घेतात, मारतात, फोन काढून घेतात. असं झालं की तो पैशाचा व्यवहार राहत नाही. १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्यानं उचल देऊन माणूस बांधून ठेवणं गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि असं कर्ज फेडायची जबाबदारीही संपते. व्यवहार वेठबिगारीचा नव्हता हे सिद्ध करायचं काम पैसे देणाऱ्याचं, तुमचं नव्हे.

अशा वेळी आधी ११२. त्याच वेळी गावाकडच्या नातेवाइकांनी तिथल्या पोलीस ठाण्यात जावं. गुन्हा कुठंही घडला असला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते आणि ती ठाणी आपसांत पाठवतात. मग अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं (हेच उपविभागीय दंडाधिकारी), प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. ठाण्यात किंवा कचेरीत हमखास ऐकू येतं, "हा तुमचा देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जा." म्हणून अर्जात रडगाणं कमी आणि तारखा जास्त हव्यात. साधारण असा:

"प्रति, मा. उपविभागीय दंडाधिकारी, ______.
विषय: मुकादमाने अडवून ठेवल्याबाबत व सुटका होणेबाबत.
आम्ही खाली सही-अंगठा करणारे, मु. पो. ______, ता. ______, जि. ______. दि. ______ रोजी मुकादम ______ याच्याकडून कोयत्यामागे रु. ______ उचल घेतली. दि. ______ पासून ______ गावच्या शिवारात ऊस तोडत असून आजअखेर आमच्या कोयत्याचे ______ टन झाले आहेत, वहीची प्रत सोबत आहे. दि. ______ रोजी गावी जायचे म्हणालो असता पैसे फिटल्याशिवाय सोडणार नाही असे सांगून ______ (नेमके काय केले ते). आम्हाला येथून जाण्याची व दुसरे काम करण्याची मोकळीक नाही. १९७६ च्या कायद्यानुसार चौकशी होऊन आमची सुटका व्हावी व सुटकेचे प्रमाणपत्र मिळावे."

"जाण्याची मोकळीक नाही" हे वाक्य अर्जातून गाळू नका, सगळा कायदा त्यावर उभा आहे. सुटकेचं प्रमाणपत्र मागायचं कारण पुढची मदत त्यावर मिळते. तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे, पुनर्वसनाची वेगळी.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. बाईला तिथं उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज बाईच्या नावानं करणं सोयीचं. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही तसाच मिळतो.

एकट्यानं जाऊ नका

अर्ज रेशनचा असो की मारहाणीचा, कचेरीत पाच माणसं गेली की बोलणं बदलतं. त्यातल्या दोन बाया असाव्यात. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. पाटण, जावळी, कोरेगावचे लोक मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठेत ओझी वाहायला गेले तेव्हा त्यांचंही नाव कुठल्या दप्तरी नव्हतं. टोळीवाला देईल ते घ्यायचं, उपाशी झोपायचं. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्यानं मालकाला मजुरी मंडळाकडं भरायला लावली आणि हमालाचं नाव मंडळाच्या नोंदवहीत चढलं. ऊसतोडीत ते अजून झालेलं नाही. कारखान्याच्या दप्तरात प्रत्येक कोयत्यातल्या दोघांचं नाव लागावं ही मागणी संघटना करतात. तुमच्या भागात ज्या संघटनेचा माणूस टोळीवर येतो तिची वर्गणीची पावती फाडा, पण पावतीचे पैसे कुठं जातात तेही विचारा. ३४ टक्क्यांची वाढ कारखान्यांनी आपण होऊन दिली नव्हती, त्याआधी कोयता बंद ठेवण्याची हाक द्यावी लागली होती.

पट्टा पडताना

मार्चमध्ये गाड्या कमी यायला लागल्या, कारखान्यात ऊस नाही अशी कुजबुज सुरू झाली, की हिशेबाची घाई करा. शेवटचा फड संपल्यावर मुकादम दिसत नाही. गाडीत सामान चढवायच्या आधी, टोळीतली सगळी मंडळी बसलेली असताना बसायचं. एकूण टन गुणिले दर, त्यातून उचल, खर्ची, मान्य असलेले खाडे वजा. गाडीभाडं कुणी द्यायचं ते आधी ठरलं नसेल तर ते तुमच्या नावावर चढवलेलं सापडेल.

तुमचे पैसे निघत असतील तर ते खात्यावर घ्या. देणं निघत असेल तर किती ते अक्षरात लिहून दोघांच्या सह्या घ्या. आकडा लिहिला नाही तर तो उन्हाळ्यात वाढतो. हिशेब मिटला असेल तर चेक आणि स्टॅम्प परत मागा. हरवला म्हणाला तर "आता काही देणं नाही" एवढी ओळ वहीत त्याच्या सहीनिशी लिहून घ्या.

पोराचा शाळेचा कागद, बाळाच्या लसींची नोंद आणि इथल्या दवाखान्याचे केसपेपर बरोबर न्या. गावी पोचल्यावर ती वही घेऊन ग्रामसेवकाकडं जा आणि या हंगामात ऊसतोड केल्याची नोंद मागा. नवा मुकादम दाराशी येतो तो सहसा जून-जुलैत, पेरणीला पैसे लागतात तेव्हा. त्याच्यासमोर वही उघडून गेल्या साली आपण खरोखर किती टन तोडले ते बघा, आणि यंदाची उचल त्यावरून मागा.